वाजवून झाल्यावर

गाणं संपतं, क्लॅरिनेटवाला वाद्य ओठांपासून खाली घेतो आणि बेलच्या कडेवरून दोन-चार थेंब सतरंजीवर पडतात. पहिल्या रांगेतल्यांना ती थुंकी वाटते. त्यात थोडी लाळ असते हे खरं, पण बहुतेक सगळं पाणी वादकाच्या श्वासातलं असतं. फुप्फुसातली हवा ओठांपर्यंत येते तेव्हा ती साधारण 34 अंश सेल्सिअस तापमानाची आणि बाष्पाने जवळजवळ पूर्ण भरलेली असते. अशा एक हजार लिटर हवेत 37-38 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात सामावलेलं असतं. ही हवा थंड नळीत शिरली की तिला तेवढं बाष्प पेलवत नाही आणि जास्तीचं पाणी नळीच्या भिंतीवर जमतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, तीच ही क्रिया. वाद्यात ती आतून घडते आणि म्हणून डोळ्यांना दिसत नाही.

थोडा हिशोब करून पाहू. डिसेंबरच्या पहाटे पुण्यातल्या 12 अंशांच्या खोलीत कोणी रियाजाला बसलं आहे. या तापमानाला हजार लिटर हवेत जेमतेम 11 ग्रॅम पाणी मावतं. म्हणजे श्वासातल्या प्रत्येक हजार लिटरमागे 26-27 ग्रॅम पाणी नळीत उतरू शकतं. तोच वादक जुलैत मुंबईच्या 28 अंशांच्या खोलीत बसला, तर तिथल्या हवेत 27 ग्रॅम मावतात आणि खाली उतरायला दहाच ग्रॅम उरतात. तासाभराच्या रियाजात काही शे लिटर हवा नळीतून जाते. हा झाला कमाल हिशोब. प्रत्यक्षात वाजवता वाजवता नळी गरम होते, बरीचशी वाफ बाहेर निघून जाते आणि पाणी याहून कमी जमतं. तरी दोन ऋतूंमधलं प्रमाण साधारण तेच राहतं. थंडीत वाद्य जास्त गळतं, हे प्रत्येक वादक अनुभवाने जाणतो.

मग पावसाळ्यात निर्धास्त राहावं का? मुळीच नाही. वाद्याचं आयुष्य किती पाणी जमलं यापेक्षा ते कसं आणि किती वेळात सुकलं यावर ठरतं. जुलैत कोकणात हवेची आर्द्रता 85-90 टक्क्यांच्या घरात असते. नळीत पाणी कमी जमतं, पण जमलेलं हटत नाही. देशावर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात उलटा प्रकार. तिथे हवा इतकी कोरडी की लाकडाचा बाहेरचा पृष्ठभाग ओल फेकून देतो आणि आतला भाग ओलाच राहतो. कोकणातल्या वाद्याला बुरशी मारते, देशावरच्या वाद्याला चीर. वाजवून झाल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत जे करायचं असतं, ते या दोन्हींसाठी एकच आहे. पेटीत ठेवल्यानंतर काय करायचं, ते मात्र गावागणिक आणि ऋतूगणिक बदलतं, आणि आपल्याकडची पुष्कळ वाद्यं या दुसऱ्या टप्प्यात खराब होतात. वाद्यासोबत येणारी माहितीपत्रकं बहुधा युरोप-अमेरिकेतल्या हवेसाठी लिहिलेली असतात. ती जशीच्या तशी पाळून इथे भागत नाही.

आधी लाकडाबद्दल. चांगलं क्लॅरिनेट ज्या काळ्या लाकडाचं असतं ते आफ्रिकेतलं, मुख्यतः टांझानिया आणि मोझांबिकमधलं. तिथे त्या झाडाला म्पिंगो म्हणतात, बाजारात ग्रेनाडिला. आपल्या शिसवीचं हे सख्खं भावंड, दोघांचं कुळ डाल्बर्जिया. हे लाकूड इतकं घट्ट की पाण्यात टाकलं तर बुडतं. झाड सावकाश वाढतं, वाद्याजोगा सरळ, निर्दोष तुकडा मिळणं कठीण, आणि या कुळातल्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 पासून निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून 2019 मध्ये सूट मिळाली. सांगायचा मुद्दा असा की हातातलं लाकूड सहज पुन्हा मिळणारं नाही, आणि ते घट्ट असलं तरी लाकूडच आहे. ओल लागली की ते फुगतं, सुकलं की आकसतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, घेरात पडतो. आतला थर पाणी पिऊन फुगू पाहतो, बाहेरचा कोरडा थर जागचा हलत नाही आणि ताणला जातो. ताण सोसवेनासा झाला की बाहेरून, रेषांच्या दिशेने, उभी चीर जाते. ही चीर बहुधा वरच्या जॉइंटला, म्हणजे नळीच्या वरच्या तुकड्याला, जाते. गरम, दमट श्वास आधी तिथेच पोहोचतो आणि तिथेच भोकं एकमेकांना खेटून असल्यामुळे लाकूड कमजोर झालेलं असतं.

म्हणून नवं लाकडी वाद्य घेतलं की पहिले काही आठवडे ते रोज पंधरा-वीस मिनिटांच्या वर वाजवू नये, असं जाणते सांगतात. लाकडाला ओल घेण्या-सोडण्याची सवय हळूहळू व्हावी लागते. हौसेने पहिल्याच दिवशी तीन तास वाजवणाऱ्यांचा उत्साह मला समजतो, पण एवढा एक संयम पाळायलाच हवा.

आता हात कामाला लावू. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, लोक भेटायला आले. तरी आधी रीड काढावी. रीड म्हणजे वेताची पातळ पट्टी. ज्या वेतापासून ती करतात तो दक्षिण फ्रान्सच्या वार भागातला नावाजलेला आहे. रीडचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकं पातळ असतं. ओली रीड माऊथपीसवर तशीच आवळून ठेवली तर ती वाळताना वाकते, टोकाला लाटा येतात आणि दुसऱ्या दिवशी सूर लागत नाही. लिगेचरचे, म्हणजे रीड आवळून धरणाऱ्या पट्ट्याचे, स्क्रू ढिले करावेत, रीड जाड बाजूने धरून अलगद सरकवावी, मागून टोकाकडे बोटाने निपटावी. टोकाकडून मागे कधीही नको, तंतू उचलले जातात. मग ती सपाट काचेवर किंवा रीडच्या डबीत, सपाट बाजू खाली करून ठेवावी. डबीला हवा खेळायला फटी असाव्यात. एकच रीड रोज वापरण्यापेक्षा तीन-चार रीड पाळीपाळीने वापरल्या तर प्रत्येकीला पुरतं वाळायला वेळ मिळतो आणि सगळ्याच जास्त टिकतात.

माऊथपीस बहुधा एबोनाइटचा, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचा असतो. त्यातून फडकं खसाखसा ओढू नये. टोकाची कड आणि आतले उतार यांवरच आवाजाचा पोत अवलंबून असतो आणि रोजच्या घासण्याने ते झिजतात. मऊ कापडाने टिपून घ्यावा, आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने, सौम्य साबणाने धुवावा. गरम पाणी लागलं की एबोनाइट हिरवट-तपकिरी पडतं आणि गंधकाचा वास सुटतो. आत पांढरट पुटं धरली असतील तर ती लाळेतल्या क्षारांची. पाणी घालून पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने ती सुटतात.

यानंतर मुख्य काम, नळी पुसण्याचं. यासाठी मिळणारं फडकं चौकोनी किंवा त्रिकोणी असतं, त्याच्या एका टोकाला दोरी आणि दोरीला छोटं वजन. कापड सुती असो वा रेशमी, ते अनेक धुण्यांनी मऊ झालेलं हवं. घरी करायचं तर जुन्या, वापरून मऊ पडलेल्या सुती साडीसारखं कापड नाही. नव्या कापडाची खळ पाणी टिपू देत नाही. वजन नळीत सोडावं, दोरी खालून धरावी आणि कापड नळीत शिरताना दुसऱ्या हाताने पसरून धरावं. गोळा होऊन आत गेलेलं फडकं अडकतं. वरच्या जॉइंटच्या आत, अंगठ्याच्या बाजूला, वरच्या सुरांत नेणाऱ्या चावीची धातूची नळी भिंतीतून थोडी आत डोकावते. फडक्याची घडी नेमकी तिच्यावर अडकते. अडकलंच तर जोर लावू नये. ज्या बाजूने कापड शिरलं त्याच बाजूने हळूच मागे घ्यावं. तेही जमलं नाही तर वाद्य तसंच कारागिराकडे न्यावं. स्क्रूड्रायव्हर, विणायची सुई, छत्रीची काडी असलं काही आत घालू नये. नळीच्या भिंतीवरचा ओरखडा कायमचा असतो.

फडकं एकदा ओढून भागत नाही, दोन-तीनदा ओढावं. पहिल्या फेरीत थेंब जातात, दुसऱ्या फेरीत भिंतीवरची ओलसर साय जाते. वाजवता वाजवता मध्यंतर झालं तरी एकदा पुसावं, नाहीतर पाणी आपली वाट धरतं आणि कुठल्यातरी भोकात जाऊन बसतं. मग त्या स्वरावर गुळगुळ असा आवाज येतो. डाव्या करंगळीच्या चावीचं भोक आणि बाजूच्या चाव्यांची भोकं यात जास्त सापडतात. तिथे तोंडाने जोरात फुंकण्यापेक्षा गोंद नसलेला सिगारेटचा कागद पॅडखाली सरकवावा, चावी हलकेच दाबावी, सोडावी, मग कागद काढावा. चावी दाबलेली असताना कागद ओढला तर पॅडवरचा नाजूक पडदा फाटतो. वाद्य आडवं ठेवताना चाव्या वरच्या बाजूला याव्यात, म्हणजे उरलेलं पाणी पॅडकडे वाहत नाही.

या पॅडबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण आजचं क्लॅरिनेट त्यांच्यावरच उभं आहे. न्यूरेंबर्गच्या योहान ख्रिस्टोफ डेनर यांनी 1700 च्या सुमारास हे वाद्य घडवलं, तेव्हा त्याला चाव्या अगदी मोजक्या होत्या. चावीखाली चामड्याचा सपाट तुकडा असे आणि त्यातून हवा निसटत असे. चाव्या वाढवल्या की गळती वाढे. इवान म्युलर यांनी वाटीसारख्या चावीत मऊ, भरीव गादी बसवली आणि 1812 मध्ये तेरा चाव्यांचं क्लॅरिनेट पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीपुढे ठेवलं. तिथल्या समितीने ते नाकारलं, वादकांनी मात्र उचललं. पुढे क्लोझे आणि ब्युफे यांनी 1840 च्या आसपास रचलेली चाव्यांची पद्धत आज जगभर चालते, तीही चोख बसणाऱ्या पॅडशिवाय शक्य नव्हती. आजच्या बहुतेक पॅडमध्ये आत नमदा आणि वर प्राण्याच्या आतड्याचा अतिशय पातळ पडदा असतो. ओला-कोरडा, ओला-कोरडा होत राहिला की पडदा कडक होतो, तडकतो, आतला नमदा फुगतो आणि चावी नीट बसेनाशी होते. केसाएवढी फट राहिली तरी खालचे सगळे स्वर अडखळतात. पुष्कळ वेळा वादक रीडला दोष देतो, ओठांना दोष देतो, आणि दुखणं पॅडचं असतं.

पॅड चिकट होण्याचं एक साधं कारण आपल्याकडे फार आढळतं. लग्नाच्या बँडपथकात असो की नाटकाच्या पिटात, दोन गाण्यांच्या मध्ये चहा येतो. गोड चहा पिऊन लगेच वाजवलं की साखर लाळेबरोबर नळीत आणि नळीतून पॅडवर जाते. पाणी उडून जातं, साखर राहते. पान, सुपारी, तंबाखू यांनी तर रीडचं वाटोळंच होतं. वाजवण्याआधी पाण्याने खळखळून चूळ भरावी, एवढं पुरतं.

नळी झाली की सांधे. क्लॅरिनेटचे भाग एकमेकांत बसतात ती ठिकाणं म्हणजे बाहेरून बुचाचं आवरण असलेली जीभ आणि ती जिच्यात बसते ती खोबण. इथे लाकडाचा आडवा छेद उघडा असतो आणि पाणी सगळ्यात जास्त तोच पितो. तरी पुसायचं राहून जातं ते नेमकं इथेच, कारण वाद्य जोडलेलं असताना हा भाग दिसतच नाही. फडक्याचं टोक बोटावर घेऊन खोबण आतून पुसावी, जिभेची कड पुसावी. बुचाला अधूनमधून ग्रीसचं हलकं बोट लावावं, रोज नाही. जास्त ग्रीसने बूच लाकडापासून सुटतं. हे बूच म्हणजे मुख्यतः पोर्तुगालमध्ये होणाऱ्या एका ओक झाडाची साल, दर नऊ वर्षांनी झाड न तोडता सोललेली.

चाव्यांवरचा घाम कोरड्या कापडाने पुसावा. पितळेच्या भांड्यांना लावतो ते पॉलिश वाद्याला लावू नये, त्याची पूड दांड्यांत आणि पॅडमध्ये जाते. किनारपट्टीवर, गोव्यापासून डहाणूपर्यंत, एक वेगळी काळजी घ्यावी लागते. चाव्यांना परत ढकलणाऱ्या स्प्रिंगा पोलादी सुयांसारख्या असतात आणि खाऱ्या हवेत त्यांना गंज धरतो. स्प्रिंग नेमकी कार्यक्रमात मोडते. दांड्यांच्या टोकांना चाव्यांच्या तेलाचा एकेक थेंब आणि स्प्रिंगांच्या बुडाशी सुईच्या टोकाने तेवढंच तेल, हे जूनच्या आधी करून घ्यावं. गोव्याच्या चर्चमधल्या शाळांनी पिढ्यानपिढ्या वादक घडवले, मुंबईच्या चित्रपटसंगीतातल्या वाद्यवृंदांत त्यांच्यापैकी कितीतरी जण होते. समुद्राकाठची दमट हवा या वादकांच्या पाचवीलाच पुजलेली.

एवढं झालं की वाद्य लगेच पेटीत ठेवायचा मोह होतो. तो आवरावा. सुटे भाग अर्धा तास सावलीत, पंख्याच्या थेट झोताखाली नाही, असे ठेवावेत. आणि फडकं पेटीत ठेवू नये. ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक आहे. नळीतून मोठ्या काळजीने काढलेलं पाणी आपण फडक्यासकट पेटीत कोंडतो आणि पेटी बंद करतो. मखमलीचं अस्तर ते शोषून घेतं आणि रात्रभर वाद्याला परत देतं. सॅक्सोफोनवाले नळीत ठेवायचा लोकरी ब्रश वापरतात, त्याचंही तेच. तो ओल टिपून आतच धरून ठेवतो. माझ्या मते तो नळीतून एकदा फिरवावा आणि बाहेर काढून वाळत घालावा.

बुरशीला हलक्यात घेऊ नये. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी 2016 मध्ये ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एका बॅगपाइप वादकाची हकिगत प्रसिद्ध केली. या गृहस्थांना काही वर्षं खोकला आणि दम लागत होता, उपचारांनी उतार पडत नव्हता. मध्ये ते तीन महिने ऑस्ट्रेलियाला गेले, बॅगपाइप घरीच राहिली, आणि त्या काळात त्यांना बरं वाटलं. परत येऊन वादन सुरू झालं तसा आजार उलटला. वाद्याच्या आतले नमुने तपासले तेव्हा पिशवीत, रीडजवळ, नळीत अनेक जातींची बुरशी वाढलेली आढळली. तिच्या सततच्या संपर्काने फुप्फुसांना सूज आली असावी, असं निदान झालं. 2014 मध्ये ते वारले. बॅगपाइपची बंद, ओली पिशवी हा टोकाचा प्रकार आहे, पण सॅक्सोफोन वादकांतही अशा आजाराच्या नोंदी आहेत. वाद्यातून श्वास आत घेतला जातो, नुसता बाहेर सोडला जात नाही, हे लक्षात ठेवावं. रीडवर काळे किंवा गुलाबी ठिपके दिसले तर ती धुण्याच्या भानगडीत पडू नये, फेकून द्यावी. पेटीला कुबट वास येत असेल तर ती उघडी करून कोरड्या दिवसात बाहेर ठेवावी. उन्हात पेटी ठेवावी, वाद्य नव्हे.

ऋतूंप्रमाणे पेटीतला बदल असा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सिलिका जेलच्या पुड्या पेटीत असाव्यात, त्या दर काही दिवसांनी बदलाव्यात किंवा तापवून कोरड्या कराव्यात. वाद्य वापरात नसलं तरी आठवड्यातून दोनदा पेटी उघडून हवा द्यावी. देशावर, मराठवाड्यात, विदर्भात दिवाळीनंतर याच पुड्या आठवणीने काढून टाकाव्यात. कोरड्या हवेत त्या लाकडातलं उरलंसुरलं पाणीही ओढून घेतात. एप्रिलच्या दुपारी तिथली आर्द्रता पाव हिश्शावर येते, लाकडाला मात्र 40 ते 60 टक्के आर्द्रता मानवते. तेव्हा पेटीत ओलाव्याची छोटी डबी ठेवावी, भोकं पाडलेल्या डबीत ओला स्पंज असला तरी चालतो, फक्त तो वाद्याला टेकू नये. पूर्वी युरोपात पेटीत संत्र्याची साल ठेवण्याची रीत होती. आपल्या हवेत ती दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून नको. उन्हात उभ्या गाडीत वाद्य ठेवू नये. वातानुकूलित सभागृहात गेल्यावर पेटी बंदच ठेवून वाद्याला पंधरा मिनिटं द्यावीत आणि मग बॅरल, म्हणजे माऊथपीसखालचा आखूड तुकडा, व वरचा जॉइंट हातांनी बाहेरून कोमट करून वाजवायला घ्यावं. थंड वाद्यात एकदम गरम श्वास सोडणं म्हणजे चिरेला आमंत्रण.

नळीला तेल लावावं की नाही, यावर वादकांत आणि कारागिरांतही एकमत नाही. माझं मत असं: किनारपट्टीवर गरज नाही, देशावरच्या कोरड्या भागात वर्षातून एखाद्या वेळी, नळीसाठीचं खास तेल, फडक्यावर दोन-तीन थेंब, आणि पॅडखाली कागद ठेवून. तेल ओलीची जागा घेत नाही. घरातलं खोबरेल तर नकोच. ते 24 अंशांच्या खाली गोठतं आणि कालांतराने खवट होतं. जवसाचं तेल वाळून थर धरतं.

लाकडी क्लॅरिनेटचे हे लाड बाहेर मिरवणुकीत शक्य नसतात, हे मान्य आहे. गणपतीच्या दिवसांत पावसात भिजत वाजवणाऱ्या बँडवाल्याने प्लास्टिकचं किंवा एबोनाइटचं वाद्य वापरावं, त्यात कमीपणा नाही. ब्युफे कंपनीने तर 1994 मध्ये ग्रेनाडिलाचा भुसा आणि राळ, कार्बनचे धागे यांच्या मिश्रणातून न तडकणारं क्लॅरिनेट बाजारात आणलं. तरीही अशा वाद्यांचे पॅड, स्प्रिंगा, बूच आणि रीड तशाच नाजूक असतात. पुसणं टळत नाही.

इतर भावंडांचं थोडक्यात. ओबोची नळी वरच्या टोकाला इतकी अरुंद की जुने वादक पुसायला टर्कीचं पीस वापरत. रेशमी फडकं वापरायचं तर ते बारीक हवं, अडकलं की निघत नाही. ‘बसून’ या वाद्याची नळी खाली वळून परत वर येते आणि पाणी त्या वळणात साचतं. त्यातल्या अरुंद नळीला आतून रबराचं अस्तर असतं, रुंद नळी उघड्या लाकडाची असते. ओतताना पाणी अस्तराच्या बाजूने निघेल असं वाद्य कलवावं. बासरीसारख्या आडव्या धातूच्या फ्लूटला काडीला गुंडाळलेलं पातळ कापड पुरतं.

बासरीकडे वळतो, कारण मराठी घरांत क्लॅरिनेटपेक्षा ती जास्त. पन्नालाल घोष यांनी बत्तीस इंचांच्या आसपासची मोठी बासरी शास्त्रीय मैफलीत रूढ केली. एवढ्या लांब बांबूचं पोकळ पेर जपणं सोपं नाही. लाकडात केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या ओळी असतात, त्या तंतूंना आडवे बांधून ठेवतात. बांबूत त्या नसतात. म्हणून बांबू उभा सहज फाटतो आणि म्हणूनच बासरीला ठिकठिकाणी दोरा घट्ट गुंडाळलेला असतो. तो नक्षीसाठी नाही. दोरा सैल झाला की लगेच पुन्हा आवळून घ्यावा. वाजवून झाल्यावर बारीक काठीला मऊ कापड गुंडाळून, बंद टोकापर्यंत अलगद नेऊन आतली ओल टिपावी. बुचाला किंवा गाठीला ठोसे देऊ नयेत, ते हललं तर सप्तक जुळत नाही. मग उघड्यावर आडवी ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा रेक्झिनच्या बंद आवरणात ओली बासरी घालणं सगळ्यात वाईट, सुती खोळ उत्तम. बांबूतल्या पिठूळ घटकांवर किडा जगतो; कडेला बारीक पिवळसर पूड दिसली तर किडा लागला समजावं आणि ती बासरी इतरांपासून वेगळी ठेवावी. बांबूला मोहरीचं तेल लावण्याची चाल जुनी आहे आणि ती योग्य आहे, मात्र बासरी पूर्ण कोरडी असतानाच, आणि अगदी थोडं. ओल्या बांबूवर तेल चढवलं तर ओल आत कोंडते.

सनई आणि सोलापूर-अक्कलकोटच्या जाधव घराण्याने नावारूपाला आणलेली तिची धाकटी बहीण सुंदरी, यांची भिस्त पत्तीवर, म्हणजे त्यांच्या रीडवर. सनईला दोऱ्याने लटकलेल्या जादा पत्त्या आणि सुई आपण पाहतो, त्या शोभेच्या नसतात. वाजवताना पत्ती ओली हवी, ठेवताना कोरडी. सुई पत्तीच्या तोंडात घालून तिचा आकार राखायचा, ओल निघू द्यायची आणि मग डबीत ठेवायची. लाकडी नळी आणि धातूचा पेला यांच्या सांध्यात पाणी राहतं, ते सोडवून पुसावं.

खंडेनवमीला आपण वाद्यं पुजतो. वर्षाची सफाई करायला हाच दिवस धरावा, पाऊस सरलेला असतो आणि हवा अजून फार कोरडी झालेली नसते. सांधे, बूच, स्प्रिंगा, पॅड, दोरा सगळं त्या दिवशी नजरेखालून घालावं. गंध, हळदकुंकू आणि ओली फुलं पेटीवर वाहावीत, वाद्याच्या भोकांवर आणि चाव्यांवर नकोत.

आणि इतकं करूनही चीर दिसली तर? वाजवणं त्याच क्षणी थांबवावं. चिरेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने हलकी खूण करावी, म्हणजे ती पुढे सरकते आहे का ते कळेल. नळी कोरडी करून वाद्य पेटीत ठेवावं आणि कारागिराकडे न्यावं. घरी गोंद, फेव्हिकॉल, मेण काहीही लावू नका. आधी लावलेल्या गोंदामुळेच पुढची दुरुस्ती बिघडते. कारागीर चीर भरतो, गरज पडली तर लाकडात आडव्या बारीक खिळ्या घालून ती बांधतो. वेळेत नेलेलं क्लॅरिनेट बहुतेक वेळा पूर्वीसारखं वाजतं.